आमच्या नाटकाचं दिग्दर्शन कंडक्टरमामांकडे द्यावं का?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर सांगते, कारण सल्ला मनापासून हवा आहे.

आमची हौशी नाट्यसंस्था आहे, सांगली केंद्रावरून राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. आमचे जुने दिग्दर्शक दोन वर्षं आजारी आहेत. यंदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, आता दुसरा माणूस बघा. कार्यवाह मी, म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात. नावं दोन आहेत. एक मुलगी, वय २६, नाट्यशास्त्राची पदवी घेतलेली, वाचन दांडगं, प्रकाशयोजनेची समज उत्तम. दुसरे आमचे मामा, वय ४९. एसटीत १६ वर्षं कंडक्टर, त्याआधी साखर कारखान्यात गव्हाणीवर, गावच्या भजनी मंडळात पखवाज. आमच्याकडे १२ वर्षं छोट्या भूमिका करतात. दिग्दर्शन कधीच केलेलं नाही.

तरी त्यांचं नाव मनातून जात नाही, त्याला कारण आहे. गेल्या वर्षी रंगीत तालमीला वीज गेली. स्टेजवर २२ जण, त्यात आठ शाळकरी मुलं, आणि मधोमध उंच लेव्हल्स, म्हणजे लाकडी चौथरे. मुलं घाबरून पळायला लागली. मामांनी विंगेतून लाकडी पेटीवर एकदाच जोरात थाप मारली आणि म्हणाले, "जिथं आहात तिथं खाली बसा." मग अंधारातच एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजत गेले. एकवीस झाले. "एक कमी आहे, मागच्या जिन्यावर बघा." खरंच एक मुलगा जिन्यावर बसून रडत होता.

तर प्रश्न असा: असं आडवळणी आयुष्य काढलेला माणूस कलेच्या क्षेत्रात चार लोकांना पुढे नेऊ शकतो का? की ही गोष्ट ऐकायला गोड लागते म्हणून मी भुलते आहे?

विंगेतला

मामांना द्या. सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणाऱ्या ६० प्रवाशांना ज्याने सांभाळलं, त्याला २२ नट म्हणजे निम्मी गाडी रिकामी!

जुना_अंक

घंटाताई, तुम्ही विचारताय ते आपल्या सिनेमाच्या पहिल्या दिवसापासून चालत आलंय. दादासाहेब फाळके घ्या. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले, लिथोच्या छापखान्यात राबले, भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. मधल्या काळात जादू शिकले आणि आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोगही केले. १९१० च्या आसपास शेजारच्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, या गृहस्थाचं कुठेच बस्तान बसत नाही.

पण प्रत्येक धंद्यातून त्यांनी काय उचललं ते बघा. मटाराचं रोप कुंडीत उगवताना त्यांनी रोज थोडी थोडी फिल्म फिरवून टिपलं, आणि ती इवलीशी चित्रफीत दाखवून कर्ज उभं केलं. ही चिकाटी छापखान्यातली. पडद्यावर माणूस गायब करायचा तो जादूगाराच्या हिशेबाने. माणसं सांभाळण्याची रीत तर घरगुतीच. सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री फिल्मला भोकंही पाडायच्या. सिनेमात काम करणं कमीपणाचं मानलं जायचं म्हणून फाळके नटांना सांगायचे, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे म्हणा. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला उभं केलं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर फसवल्यासारखं होईल. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी झाली आणि थोड्याच काळात फाळके वैतागून काशीला निघून गेले. पुढे परत आले, पण पहिल्यासारखं जमलं नाही. घरच्या फॅक्टरीत माणसं त्यांच्या शब्दावर चालत होती. हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात गेली आणि खटके उडाले. म्हणून मामांना दिग्दर्शन देणार असाल तर वरून समिती बसवू नका. दिलं तर पूर्ण द्या.

मीटर_डाऊन

मी जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

ज्यांचं जमलं त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक असतात. जादू, छापखाना, फोटो असं सगळं करून शेवटी कर्जात बुडालेले शेकडो असतील, त्यांच्यावर कोण लिहितं? आणि शिकून सवरून रंगभूमी बदललेली माणसं आपण का विसरतो? विजयाबाई मेहतांनी रीतसर शिक्षण घेतलं, दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींकडे धडे गिरवले आणि १९६० मध्ये 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी केली. त्यांच्या तालमीतून केवढी पिढी तयार झाली! त्या मुलीने चार वर्षं अभ्यास केला, तो काय फुकट?

दुसरं माझं स्वतःचं. मी मालिकांमध्ये सहायक दिग्दर्शक होतो, सहा वर्षं. एका निर्मात्याकडे दीड वर्ष काढलं. तो फुटपाथवर झोपून, वडापाववर दिवस काढून वर आलेला, आणि त्यात काहीच खोटं नव्हतं. पण सेटवर कुणी जेवणाचा ब्रेक मागितला की ऐकवायचा, "मी दोन-दोन दिवस उपाशी राहिलोय, तुला दोन तास जड झाले?" पैसे ९० दिवसांनी द्यायची कबुली, आणि १२० दिवस झाले तरी पत्ता नाही. मेकअपदादाच्या मुलीची फी थकली होती. तो विनवणी करायला गेला तर त्यालाही तीच फुटपाथची गोष्ट ऐकवली. हालअपेष्टांनी माणूस मऊ होतो हे मला पटत नाही. काही माणसं आपण सोसलेलं व्याजासकट दुसऱ्याकडून वसूल करतात.

विंगेतला

@मीटर_डाऊन, हे वाचून गप्पच झालो. मेकअपदादाला मिळाले का पैसे?

मीटर_डाऊन

अर्धे. तेही तो काम सोडून गेल्यावर.

ढोलकीची_शाई

मीटरभाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे. आता मी आमच्या घरातलं सांगते. माझे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकीवर होते, आई लहानपणी फडाबरोबर हिंडलेली.

मोठ्या तंबूच्या फडात शंभरावर माणसं असतात. कलावंत, वाजिंत्रीवाले, तंबू ठोकणारे बिगारी, ट्रकचे ड्रायव्हर, आचारी. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, तिथे रकमेवर घासाघीस चालते. हंगाम सुरू व्हायच्या आधी फडमालकाने कलावंतांना उचल दिलेली असते. त्यासाठी तो स्वतः सावकाराकडून पैसे काढतो. अवकाळी पाऊस आला, तंबू भिजला, खेळ बुडाला, तरी शंभर माणसांची चूल पेटवावीच लागते. ही मॅनेजमेंट कुठल्या कॉलेजात शिकवतात?

विठाबाई नारायणगावकर पोटुशी असताना बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. लोक ती अभिमानाने सांगतात. मला मात्र ती ऐकली की पोटात तुटतं. त्या रात्री खेळ थांबवून "बाई, आज राहू द्या" म्हणणारं प्रेक्षकांत कुणी नव्हतं. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला त्या बाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले.

आई सांगते, ज्या फडमालकिणी स्वतः पायात चाळ बांधून वर आल्या त्यांच्या फडात एक नेम असायचा: मुलीला ताप असेल तर तिला उभी करायची नाही, तिची लावणी मालकीण स्वतः करणार. असे फडही होते, आणि मीटरभाऊंच्या निर्मात्यासारखे मालकही होते. सोसणं दोघांनीही सारखंच सोसलेलं. म्हणून घंटाताई, मामांनी काय काय सोसलं ते बाजूला ठेवा. अंधारात त्यांनी मुलं मोजली, ते बघा.

पडदा_वर

कोल्हापूरकर या नात्याने बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमचे बाबूराव पेंटर. आडनाव मेस्त्री, धंदा नाटकांचे पडदे रंगवायचा. आनंदराव आणि बाबूराव हे मावस-चुलत काय असतील ते भाऊ, दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी हट्ट सोडला नाही आणि कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला. १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. दृश्य कसं दिसावं, पोशाख कसा असावा, हे ते आधी रेखाटून ठेवत. पडदे रंगवणाऱ्याला लांबून काय दिसतं आणि जवळून काय दिसतं ते हाताला माहीत असतं.

त्यांच्या हाताखाली झाडलोटीपासून सगळं करत जी पोरं तयार झाली त्यात दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांतारामबापू. बापू पोरवयात हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम करून आलेले. १ जून १९२९ ला सीतारामपंत कुलकर्णींना घेऊन याच चौघांनी 'प्रभात' काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. प्रभातमध्ये नटांनाही मासिक पगार असायचा, वेळेवर हजेरी लागायची. कारखाना आतून पाहिलेल्या माणसानेच स्टुडिओ असा चालवावा, असं मला कायम वाटत आलंय.

'संत तुकाराम' तर दामले-फत्तेलालांचा. एक ध्वनीतला माणूस, एक कलादिग्दर्शनातला. १९३६ चा चित्रपट, मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, व्हेनिसपर्यंत पोचला. त्यात बडेजाव कुठे आहे का बघा. तुकोबांचं घर घरासारखं दिसतं, आवली चिडते ती खरोखर उपाशी पोरांच्या आईसारखी.

@मीटर_डाऊन, तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर एवढंच की यातलं कुणी 'बिनशिक्षणाचं' नव्हतं. त्यांचं शिक्षण पेंटरांच्या अंगणात झालं. त्याचं प्रमाणपत्र मिळत नव्हतं, इतकंच.

लाल_डब्बा

विषयांतर करतो, माफी असावी. मी निवृत्त वाहक. घंटाताईंनी लिहिलंय की मामांनी पेटीवर एकच थाप मारली. ते उगाच नाही हो! एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. वर्षानुवर्षं हात तसाच चालतो. घरी दारावरसुद्धा मी दोनदाच टकटक करतो.

आणि मोजणं. मशीन यायच्या आधी आमच्याकडे तिकिटांचा ट्रे आणि चिमटा असायचा. वेबिलावर आकडा लिहिताना गाडीतली डोकी आणि फाडलेली तिकिटं जुळायलाच हवीत. वाटेत कधी चेकर चढेल सांगता येत नाही. १६ वर्षं जो हे करतो त्याला गर्दी कधी गर्दी दिसत नाही, एकेक माणूस सुटा दिसतो. कोण कुठे चढला, कुणाला कुठे उतरायचंय, कोण झोपलाय म्हणून त्याला स्टॉप आला की हलवायचं, हे सगळं डोक्यात. म्हाताऱ्या बाईला आपण सांगितलेलं असतं, "आजी, आलं की सांगतो." ते विसरलं तर रात्री झोप लागत नाही.

नाटकातलं मला कळत नाही. पण दिग्दर्शक म्हणजे याहून फार निराळा असतो का?

पडदा_वर

लाल_डब्बा काका, तुमचा प्रतिसाद आमच्या नाट्यशिबिरात वाचून दाखवू का?

लाल_डब्बा

दाखवा की. परवानगी कसली मागता!

केळीचा_बाग

मी करमाळ्याकडचा. थोडं वेगळं बोलतो.

'आडवळणी आयुष्य', 'वेगळा अनुभव' हे शब्द मला टोचतात. कुणी नोकरी सोडून वर्षभर हिंडून येतो, तोही वेगळा अनुभव, आणि वडाराच्या घरात जन्मलेल्या पोराने गावाबाहेरून गाव बघितलं, तोही वेगळा अनुभव? पहिल्याने वाट निवडली. दुसऱ्यासमोर निवडायला काही ठेवलंच नव्हतं.

नागराज मंजुळे आमच्या जेऊरचे. 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, हलगी वाजवणारा पोरगा. 'सैराट'ची रिंकू राजगुरू अकलूजची, तेव्हा शाळेत होती. अशा नवख्या पोरांकडून जे काम निघालं त्याला राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी दाद मिळाली. हे कसं जमलं? माझं मत सांगतो. कॅमेऱ्यासमोर ज्या पोराला आपल्या बोलीची लाज वाटत नाही, तोच मोकळा होतो. आणि ती लाज घालवायला समोर असा माणूस लागतो ज्याला तीच बोली बोलल्याबद्दल कधीतरी हसलेले आहेत.

पण हेही लिहून ठेवतो. मंजुळेंनी मराठीत एम.ए. केलंय, नगरला संज्ञापनाचं शिक्षण घेतलंय, कविता लिहिल्यात. नुसत्या सोसण्यातून सिनेमा झाला, असं जे म्हणतात ते त्यांच्या अभ्यासाचं श्रेय काढून घेतात. आमच्या पोरांना अनुभव भरपूर आहे हो. त्यांना कॅमेरा हवाय, फी भरायला पैसे हवेत.

मीटर_डाऊन

+१. माझा मुद्दा माझ्यापेक्षा तुम्ही नीट मांडलात.

बालरोग

इथे बऱ्याच दिवसांनी लिहितेय. पेशाने बालरोगतज्ज्ञ, म्हणून डॉक्टरांचा मुद्दा पुढे करते.

पुण्याच्या रंगभूमीवर डॉक्टर किती, बघा. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी.जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. आणि जब्बार पटेल माझ्याच शाखेचे, दौंडला दवाखाना चालवणारे. त्यांनी बसवलेल्या 'घाशीराम कोतवाल' नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला झाला. माणसांचाच पडदा, नाच, कीर्तन, गाणं, आणि एवढा मोठा संच एका श्वासात हलणारा. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं, तेव्हा मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये युरोप करून आले. पोट दवाखान्यावर आणि नोकरीवर चालत असल्यामुळे गल्ल्यासाठी नाटक वाकवायची वेळ आली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आमच्या पेशातली एक गोष्ट सांगते. लहान मूल कुठे दुखतंय ते सांगत नाही. ते रडतं, पाय पोटाशी घेतं, आईच्या पदरात तोंड लपवतं. मी आधी त्याच्याकडे बघतच नाही, आईशी बोलत बसते. हातातली टॉर्च त्याच्यासमोर टेबलावर ठेवते. ते हळूच उचलतं, लावतं, विझवतं. मग तपासू देतं. आमच्या हौशी ग्रुपमध्ये एक मुलगी एका वाक्यावर अडायची. दिग्दर्शक तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होता. मी म्हटलं, तिला पाच मिनिटं दुसरं काम द्या. तिला घड्या घालायला साड्या दिल्या. घड्या घालता घालता ती ते वाक्य बोलून गेली, आणि प्रयोगातही तिने साडीची घडी घालतच म्हटलं.

सोरो_नाका

गोव्यातून. आमच्या तियात्राचा, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाचा, उगमही असाच. लुकाझिन रिबेरो मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा कंपनीत पडद्यामागची कामं करत हिंडला. ते बघून बघून १८९२ मध्ये मुंबईत 'इटालियन भुरगो' उभा केला. नट, गायक, बसवणारा, सगळं तोच आणि त्याचे सोबती. आजही गावच्या फेस्ताला तियात्र लागला की हॉल भरतो.

विंगेतला

आणि दादा कोंडके कसे राहिले? नायगावच्या चाळीतले, गिरणी कामगाराच्या घरातले, बँडमध्ये वाजवलेले, अपना बाजारात नोकरी केलेले. सेवादलाच्या कलापथकातून 'विच्छा माझी पुरी करा' आणि मग १९७१ मध्ये 'सोंगाड्या'. सलग नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव, गिनीजमध्ये नोंद. लग्नाच्या वरातीत बँड वाजवणाऱ्याला रस्त्यावरची माणसं कशावर थिरकतात ते पहिल्या ठोक्याला कळतं. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण माझ्या वडिलांनी गिरणीचा संप पाहिला, त्या दिवसांत त्यांना हसवलं ते दादांनीच. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

ढोलकीची_शाई

वाद कशाला, पटलंच आहे. बालरोग ताई, साडीच्या घडीचं फार आवडलं.

जुना_अंक

घंटाताई कुठे गायब झाल्या? धागा पेटवून गेल्या.

तिसरी_घंटा

इथेच आहे. सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा. लाल_डब्बा काका, एका घंटीचं मला खरंच माहीत नव्हतं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "असं केलं होय मी? ध्यानात नाही."

काल दोघांना घरी बोलावलं होतं. आधी मामांना विचारलं, दिग्दर्शन कराल का? ते बराच वेळ चहाची बशी फिरवत बसले. मग म्हणाले, "माणसं हलवीन मी. कुणाला कुठं उभं करायचं, कोण दमलंय, ते दिसतं मला. पण त्या दिव्यांचं काय करू? आणि लिहिलंय त्याच्या मागचं काय ते पोरीला कळतं, मला वाचताना झोप येते." मुलगी त्यांना म्हणाली, "मामा, मला सगळं कागदावर दिसतं, पण ती आठ पोरं माझं ऐकत नाहीत. गेल्या वर्षी तुम्ही नसता तर मी रडले असते."

दिग्दर्शक म्हणून मुलीचं नाव जाणार. तालीम मामा चालवणार. वेळ, हजेरी, मुलं, कुणाला कधी थांबवायचं, हे सगळं त्यांच्या हातात, आणि त्यात मीसुद्धा बोलणार नाही. जुना_अंक, समितीचा तुमचा सल्ला तंतोतंत पाळला आहे. मीटर_डाऊन, तुमचं वाचून आणखी एक ठरवलं: बाहेरून येणाऱ्या मेकअपवाल्यांचे आणि नेपथ्याच्या सुताराचे पैसे प्रयोगाच्या रात्रीच द्यायचे, बक्षिसाची वाट बघायची नाही. सोमवारपासून रोज साडेसातला शाळेच्या हॉलमध्ये तालीम.

मीटर_डाऊन

वाचून बरं वाटलं. मनापासून.

केळीचा_बाग

त्या आठ पोरांतल्या कुणाला पुढं शिकायचं असेल तर कळवा. फीचं बघू.

पडदा_वर

लेखकाचं संमतीपत्र घेतलंत ना? आणि परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र? दरवर्षी कुणीतरी त्यावरून अडकतं.

तिसरी_घंटा

संमतीपत्र आलंय. प्रमाणपत्राला संहितेच्या प्रती पाठवायच्या आहेत. उद्या मामाच जाणार आहेत टपालात. पोचपावती घेतल्याशिवाय हलणार नाहीत म्हणाले.